दाताचं वय, मुलीचं वय

२०२३ चा दसरा नुकताच झाला होता. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या तयारीत होत्या. या दिवसांत बीडकडे लग्नांची घाई का उडते, ते मराठवाड्यात काम करणाऱ्या मैत्रिणींना सांगायला नको. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकटा पोरगा म्हणजे अर्धा कोयता. हंगामाआधी त्याचं लग्न उरकलं की घरात पुरा कोयता होतो. १०९८ वर कुणीतरी फोन केला, पोलिसांबरोबर आम्ही दोघी गेलो आणि हळद लागलेल्या मुलीला बालकल्याण समितीपुढे उभं केलं.

बाप म्हणत होता, पोरगी एकोणीसची आहे. मुलगी म्हणाली, मला ठाऊक नाही. सहा महिने फडावर आणि सहा महिने गावात असं करत ती तिसरीपर्यंत शाळेत गेली होती म्हणे, पण शाळेत नाव सापडेना. जन्माचा दाखला नाही. मग समितीने वैद्यकीय तपासणीला पाठवलं. मनगटाचा एक्स-रे झाला, मग दातांच्या डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारून पाहिलं, जबड्याचाही एक्स-रे काढला. कागदावर आलं : दुसऱ्या दाढा पूर्ण, अक्कलदाढ एकही नाही, सबब वय १६ ते १७.

आम्हाला बरं वाटलं. अठराच्या आत आहे हे सरकारी शिक्क्यानिशी सिद्ध झालं. बाहेर पायरीवर मुलीची आई बसली होती. तिला सांगितलं, अक्कलदाढ आलेली नाही, म्हणून लहान धरलंय. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "ताई, माह्या बी तोंडात ती दाढ न्हाई. माह्या मायला बी नव्हती."

मी काही बोलले नाही. अहवाल तसाच समितीपुढे गेला. लग्न थांबलं होतं, मुलगी सुरक्षित होती, बोलून बापाच्या हाती कोलीत कशाला द्यायचं, असा विचार केला. पण त्या बाईचं ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. हा लेख त्यातूनच लिहिते आहे.

आपण कार्यकर्त्या आहोत, डॉक्टर नाही. वयाचा अहवाल आला की आपण शेवटची ओळ वाचतो आणि आकडा आपल्या बाजूचा की विरुद्ध बाजूचा तेवढं बघतो. तो आकडा येतो कुठून, हे मी तरी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून विचारते आहे, वाचते आहे, दोन दंतवैद्य मैत्रिणींना पिडते आहे. जे समजलं ते असं.

दात हिरडीतून वर येतो ती शेवटची पायरी. त्याच्या कितीतरी आधीपासून तो जबड्यात घडत असतो. आधी माथा कडक होतो, मग मूळ लांबत जातं, शेवटी मुळाचं टोक मिटतं. दात वर यायला उशीर होण्याची कारणं बरीच असतात. दुधाचा दात वेळेआधी पडला, जबड्यात जागा कमी पडली, खायचे फार हाल झाले. आतली घडण त्या मानाने आपल्या चालीने चालते. म्हणून तोंडात डोकावून दात मोजण्यापेक्षा एक्स-रेवर मुळं पाहणं जास्त भरवशाचं. अर्धपोटी मुलांची हाडं जेवढी मागे पडतात तेवढे दात पडत नाहीत, त्यामुळे उंची-वजनापेक्षा दातांवर विश्वास ठेवावा हे म्हणणं रास्तच आहे.

आणि जुनंही आहे. १८३३ साली इंग्लंडात कारखान्यांचा कायदा झाला. नऊच्या आतल्या मुलांना कापडगिरणीत घ्यायचं नाही, नऊ ते तेराच्या मुलांना तास कमी, असं ठरलं. पण वय ठरवायचं कसं? जन्माची सरकारी नोंद तिथे सुरू झाली १८३७ साली. आईबाप गरजेपोटी वय वाढवून सांगत, मालकाला तेच हवं असे. (ओळखीचं वाटतं ना?) त्याच १८३७ साली एडविन सॉन्डर्स नावाच्या दंतवैद्याने हजारावर मुलांचे दात तपासून पार्लमेंटच्या सभासदांपुढे पुस्तिका ठेवली की, उंचीपेक्षा दातांवरून वय बरं कळतं. पुढे हा गृहस्थ व्हिक्टोरिया राणीचा दंतवैद्य झाला. म्हणजे दातांवरून वय काढायची ही विद्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकात आली ती गरिबांच्या मुलांच्या तोंडातून. आणि तिथे विचारायचा प्रश्न होता नऊ आणि तेरा या वयांचा. त्या वयांना दात बरंच काही सांगतात. सहाच्या सुमाराला पहिली कायमची दाढ, मग पुढचे दात, सुळे, उपदाढा, बाराच्या आसपास दुसरी दाढ. तोंडात सतत काहीतरी चालू असतं.

आपला कायदा विचारतो अठरा. तिथे दातांची पंचाईत होते. पंधरा-सोळापर्यंत सगळ्या दातांची मुळं मिटलेली असतात. मग उरते एकटी अक्कलदाढ. आणि सगळ्या बत्तीस दातांत सर्वांत लहरी दात तोच. कुणाला सतराव्या वर्षी येते, कुणाला पंचविशीत, कुणाची हाडात आडवी अडकून बसते. जगभरची सरासरी धरली तर पाचांतल्या एकाला तरी चारांपैकी एखादी अक्कलदाढ मुळात तयारच होत नाही. दात तयार न होणं हे घराण्यात चालतं, त्यातली काही जनुकंही आता माहीत झाली आहेत. पायरीवरच्या त्या आईला हे शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या घरातल्या तीन पिढ्यांच्या तोंडाची तिला माहिती होती, एवढंच. कागद भरताना ती कुणी तिला विचारली नाही. मीसुद्धा नाही.

आनुवंशिकतेचं नाव काढलं की आपल्यापैकी अनेकींच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि ते समजण्यासारखं आहे. बायकांचा पिंडच तसा, हे आपण पुरेसं ऐकलेलं आहे. शिबिरांत मात्र आपणच क्ष आणि य गुणसूत्रांचं चित्र फळ्यावर काढतो आणि मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या सासूला सांगतो की मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं. तेव्हा या शास्त्राला घाबरून चालणार नाही, त्याचं म्हणणं नेमकं किती आहे हे बघावं लागेल. दातांबद्दल ते असं म्हणतं. जुळ्यांचा अभ्यास केला, एकसारखी जुळी आणि वेगळी जुळी ताडून पाहिली, तर दातांच्या घडणीचा वेग बराचसा रक्तातून आलेला दिसतो. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या संशोधकांना आढळलं की दुधाचे पुढचे दात कधी येणार यातला बहुतेक सगळा फरक जनुकांचा आहे. बेल्जियममध्ये १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कायमच्या दातांच्या बाबतीत जनुकांचा वाटा चाळीसेक टक्के निघाला आणि सुमारे निम्मा वाटा निघाला जुळ्यांना एकत्र मिळालेल्या परिस्थितीचा, म्हणजे आईचं पोट आणि जन्मानंतरचे पहिले दिवस. ऊस तोडता तोडता नववा महिना काढणाऱ्या बाईच्या पोटातल्या बाळाबद्दल त्या तक्त्यांना काय ठाऊक असणार?

तर, एका तारखेला जन्मलेल्या दोन मुलींपैकी एक दातांनी चौदाची आणि दुसरी सोळाची दिसू शकते, आणि दोघींना काहीही झालेलं नसतं. दाताचं वय खरंच असतं, पण ते त्या दाताचं वय असतं. जन्मतारीख ही वेगळी गोष्ट.

त्यात आणखी दोन गोष्टी. पहिली, मुलींचे दात मुलग्यांच्या पुढे चालतात. खालच्या सुळ्यात हा फरक वर्षाच्या आसपास जातो. मुलग्यांचा तक्ता समोर ठेवून मुलीचं वय काढलं तर ती हटकून मोठी निघणार. गंमत म्हणजे अक्कलदाढेत हे उलटं होतं, तिथे मुलगे जरा पुढे असतात. दुसरी गोष्ट, तक्ता कुणाच्या मुलांचा? जगभर सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत डेमिरजियन यांची. १९७३ ची, कॅनडातल्या फ्रेंच भाषक मुलांवरून बेतलेली. खालच्या जबड्यातले डाव्या बाजूचे सात दात घ्यायचे, प्रत्येकाच्या आठ पायऱ्या, त्यांचे गुण, गुणांची बेरीज, बेरजेवरून वय. मुलींचा तक्ता वेगळा, मुलग्यांचा वेगळा. १९९८ साली ही पद्धत दक्षिण भारतातल्या मुलांना लावून पाहिली तेव्हा मुलं खऱ्या वयापेक्षा सरासरी जवळजवळ तीन वर्षांनी मोठी निघाली. तीन वर्षं! पंधराची मुलगी अठराची. पुढे आपल्या मुलांसाठी धारवाडच्या संशोधनातून वेगळी सूत्रं तयार झाली. पण तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यात कुठला तक्ता वापरला, हे अहवालावर लिहिलेलं तुम्ही पाहिलं आहे का? मी पाहिलेल्या अहवालांत नव्हतं.

आता कायद्याकडे येते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ९४ सांगतं की वय ठरवताना आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र पाहावं, ते नसेल तर महानगरपालिका, नगरपालिका वा पंचायतीचा जन्मदाखला, आणि यातलं काहीच नसेल तरच वैद्यकीय चाचणी. ती आदेशापासून पंधरा दिवसांत व्हावी. हा क्रम बरोबर आहे. पीडित मुलीचं वयही याच रीतीने ठरवावं असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली जर्नेल सिंग खटल्यात, तेव्हाच्या नियमांच्या आधारे, सांगितलं होतं. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने युवप्रकाश खटल्यात शाळा सोडल्याचा दाखला आणि पटाचा उतारा पुरेसा मानला नाही. हे ध्यानात ठेवा, कारण आपण नेमके तेच कागद घेऊन धावतो. आणि शाळेच्या तारखेचं तरी काय सांगावं? माझ्या घरातल्या तिघांचा वाढदिवस १ जूनला येतो. गुरुजींनी पोराला पहिलीत बसवण्यापुरतं वय लिहिलं, तेच जन्मभर चिकटलं. महाराष्ट्रात अशी घरं गल्लोगल्ली सापडतील.

कागद नसला की गाडी शरीरावर येते. एक्स-रेवरून काढलेल्या वयात दोन्हीकडे दोन-दोन वर्षांची चूक असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच जया माला प्रकरणात मान्य केलं. ते शास्त्राला धरूनच झालं. प्रश्न आहे तो ही दोन वर्षं कुणाच्या पदरात टाकायची याचा. जुलै २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की पॉक्सोच्या खटल्यात हाडांच्या चाचणीने जो पल्ला दिला असेल त्यातलं वरचं टोक धरावं आणि त्यात आणखी दोन वर्षं मिळवावीत. म्हणजे १६ ते १८ असा अहवाल आला की मुलगी वीसची. संशयाचा फायदा आरोपीला, हे त्यामागचं तत्त्व. मुलगा आरोपी असेल आणि आपण बालक असल्याचं म्हणत असेल तर हेच तत्त्व खालच्या टोकाकडे झुकतं. समजा, एकाच वयाची दोन मुलं, दोघांचाही अहवाल १७ ते १९. तो बाल ठरेल, ती बाई ठरेल.

संशयाचा फायदा ही काही वाईट गोष्ट नाही. पारधी वस्तीतल्या पोराला पोलीस उचलून नेतात तेव्हा आपणच ती मागतो. शिक्षा द्यायची तर खात्री हवी, यावर माझं दुमत नाही. माझं म्हणणं इतकंच की, कागद नसणं हे योगायोगाने घडत नाही. कागद कुणाकडे नसतो? फडावर जन्मलेलीकडे, पालावर जन्मलेलीकडे, तिसरीत शाळा सुटलेलीकडे. जिच्यावर अत्याचार होण्याची शक्यता जास्त, तिचंच वय संशयात, आणि तो संशय तिच्या विरुद्ध. डॉक्टटरी पल्ला जितका ढिला, तितकी ती मोठी. अशा वेळी परदेशी तक्त्यावरून, कधी तर नुसतं तोंडात पाहून लिहिलेला आकडा न्यायालयात जाणं म्हणजे तिचा खटला दवाखान्यातच हरणं.

पण आपलेही हात स्वच्छ नाहीत. याच पानांतून आपण अनेकदा बोललो आहोत की पॉक्सोच्या फायलींतल्या कितीतरी खऱ्या अर्थाने प्रेमप्रकरणांच्या असतात. हळदीच्या दिवशी पोरीला एकोणीसची सांगणारा बाप ती जातीबाहेरच्या पोराबरोबर निघून गेली की तिला सोळाची करतो. तिथे आपण मुलीच्या बाजूने उभ्या राहतो आणि मनातून वाटतं की डॉक्टरांनी अठराच्या वर लिहावं. लग्न थांबवताना वाटतं अठराच्या खाली लिहावं. दातांनी आपल्या सोयीप्रमाणे बोलावं अशी आपलीही अपेक्षा असते. पायरीवर मी गप्प बसले ती त्याच पोटी. समोरचा वकील उद्या असाच अहवाल उलटा फिरवेल तेव्हा मी कुठल्या तोंडाने म्हणणार की अक्कलदाढ हा पुरावा नव्हे?

थोडं मागे जाऊन बघावंसं वाटतं. १८८९ साली कलकत्त्यात फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली. त्या वेळी संमतीवय होतं दहा, १८६० च्या दंडसंहितेतलं. १८९१ साली ते बारा झालं, त्यावरून पुण्यात केवढं रण माजलं आणि टिळक कुठल्या बाजूला होते हे सर्वांना माहीत आहे. विरोधकांचं एक म्हणणं असं होतं की मुलगी ऋतुमती झाली की झाली मोठी, आकडा कशाला? सुधारकांनी शरीराच्या खुणेऐवजी आकडा आणला, ही मोठीच गोष्ट झाली. तो आकडा पुढे चौदा, पंधरा, सोळा करत अठरावर आला. पण आकड्यामागे लागणारी नोंद ज्यांच्यापर्यंत पोचली नाही, त्या मुलींच्या बाबतीत आपण पुन्हा शरीराच्या खुणेवरच येऊन थांबलो आहोत. तेव्हा ऋतू होता, आता दाढ आहे.

म्हणून मला वाटतं, आपल्या कामाची दिशा जरा बदलावी. वैद्यकीय तपासणीची मागणी आपल्या तोंडून सर्वांत शेवटी यावी. जन्मनोंद जिथे जन्म झाला तिथे होते, राहत्या गावी नव्हे, हे टोळ्यांबरोबर जाणाऱ्या बायकांना निघण्याआधीच सांगायला हवं. एकवीस दिवसांत नोंद फुकट होते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो आणि गरीब माणूस तो नाद सोडतो. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून सगळीकडे हाच दाखला लागणार आहे. साखर कारखान्यांच्या परिसरातल्या ग्रामपंचायती, तिथल्या आशा, अंगणवाडीताई यांच्याशी आपलं बोलणं हवं. आणि तपासणी अटळच झाली तर निदान विचारावं : एक्स-रे काढला का, कुठले दात पाहिले, तक्ता कुणाचा आणि मुलींचाच ना, एक आकडा न देता पल्ला दिला का, अक्कलदाढ नाही म्हणजे अजून आली नाही की मुळात नाहीच, आईबापांच्या तोंडात काय आहे. हे विचारल्याबद्दल एका डॉक्टरांनी मला झाडलं. दुसऱ्यांनी खुर्ची दिली आणि फिल्म उजेडात धरून समजावलं.

त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. आईला जन्मसाल आठवत नव्हतं, पण महापूर आठवत होता. "सांगलीकडं पाणी आलं व्हतं बघा, त्याच्या फुडच्या हंगामात झाली, सक्रांत झाल्यावर." महापूर २००५ चा. त्या धाग्यावरून आम्ही ती टोळी तेव्हा जिथे उतरली होती त्या गावच्या ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवकाने दोन तास कुरकुर करून जुनी वही काढली. फेब्रुवारी २००६ ची नोंद होती. आईचं नाव चुकीचं, गाव बरोबर, बाळाच्या नावाचा रकाना कोरा, पुढे नुसतं 'स्त्री'. म्हणजे लग्नाच्या दिवशी तिला साडेसतरा उलटून गेलेली होती. बाप एकोणीस म्हणत होता ते खोटं, दाताने सांगितलेलं सोळा-सतराही चुकलेलं, आणि आईचा हिशेब महिन्यापर्यंत बरोबर.

वही पाहून परत आल्यावर आम्ही मुलीला तारीख सांगितली. जन्मतारीख कळल्याचा तिला आनंद झाला असेल असं वाटलं होतं. तिने बोटांवर महिने मोजले आणि विचारलं, "मंजी फेब्रुवारीत लगीन लावत्याल का?" आम्ही म्हटलं, तुझी मर्जी नसेल तर तेव्हाही नाही. तिचा विश्वास बसलेला दिसला नाही. ती सध्या शिवणकाम शिकते आहे आणि अजून तरी लग्न झालेलं नाही.

तुमच्या भागात वय ठरवण्याचे असे अहवाल आले असतील तर नावं झाकून त्यांच्या प्रती अंकाच्या पत्त्यावर पाठवा. कुठल्या जिल्ह्यात काय लिहितात ते एकत्र मांडता येईल.